दीनानाथ दलाल आणि ऐतिहासिक कादंबरीचे मुखपृष्ठ

मराठी कादंबरीच्या समीक्षेत कथानक, पात्रचित्रण, भाषाशैली, इतिहासनिष्ठा यांची चर्चा विपुल झाली. मुखपृष्ठ मात्र प्रकाशकाच्या व्यवहाराचा भाग समजून या चर्चेबाहेरच ठेवले गेले. सामाजिक कादंबरीच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाते. कादंबरीतली चाळ, वाडा किंवा कचेरी वाचकाने स्वतः पाहिलेली असते. ऐतिहासिक कादंबरीचे तसे नाही. तिच्यातला काळ कोणीच पाहिलेला नसतो. पहिले पान उलगडण्याआधी वाचक जे चित्र पाहतो, त्यातूनच पुढची चारपाचशे पाने त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहतात. यवतमाळ जिल्ह्यातील नेर हे अमरावती-यवतमाळ रस्त्यावरचे, काळ्या कपाशीच्या जमिनीतले गाव. तेथील ज्या वाचकाने सह्याद्रीचा कडा पाहिलेला नाही, त्याच्या मनातला रायगड किंवा सिंहगड हा बहुतेक वेळा कोणातरी चित्रकाराने काढलेला असतो. असे चित्र पुरवणाऱ्यांमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यावर सर्वांत प्रभावी ठरलेला चित्रकार म्हणजे दीनानाथ दलाल. आज ऐतिहासिक कादंबऱ्यांची मुखपृष्ठे इतकी एकसुरी आणि उथळ का झाली, या प्रश्नाचे उत्तर शोधतानाही दलालांच्याच चरित्राकडे वळावे लागते, आणि ते केवळ गौरवाच्या दृष्टीने नव्हे.

दलालांचा जन्म ३० मे १९१६ रोजी गोव्यात मडगावी झाला. तेव्हा गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता आणि पुढे १९६१ पर्यंत राहिला. चित्रकलेला व्यवसाय करू इच्छिणाऱ्या गोमंतकीय तरुणाला मुंबईवाचून गत्यंतर नसे. आंतोनियो झेवियर त्रिंदाद आधीच्या पिढीत त्याच वाटेने गेले होते. रघुवीर मुळगावकर दलालांच्या बरोबरीने त्याच वाटेने आले. मुंबईत दलालांनी केतकरांच्या कलाशिक्षणसंस्थेत अभ्यास केला आणि १९३७ मध्ये चित्रकलेची शासकीय पदविका मिळवली.

हा काळ मुंबईच्या कलाशिक्षणात महत्त्वाचा होता. सर ज. जी. कलाशाळेचे संचालक ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९ पासून भारतीय पद्धतीच्या आलंकारिक चित्रणाला उत्तेजन दिले होते आणि पुढे जगन्नाथ अहिवासी यांच्यासारख्या शिक्षकांनी लघुचित्रांच्या शैलीचा पाठ तरुणांना दिला. अजिंठ्याची वळणदार रेषा, राजस्थानी लघुचित्रांतील सपाट आणि तेजस्वी रंग, अर्धोन्मीलित मत्स्याकृती डोळे हे त्या वेळच्या मुंबईच्या वातावरणातच होते. दलाल या प्रवाहातून घडले. परंतु त्यांनी ती शैली चित्रशाळेच्या भिंतींवर न ठेवता छापखान्यात आणली. त्यांच्या कर्तृत्वाचे मर्म येथे आहे.

त्यापूर्वी मराठी ऐतिहासिक कादंबरीला चेहरा जवळपास नव्हता. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची मोचनगड १८७१ मध्ये नियतकालिकातून येऊ लागली. हरिभाऊ आपट्यांची उषःकाल १८९५ ते १८९७ या काळात करमणूकमधून वाचकांसमोर आली. वाचकाला या कादंबऱ्या आठवड्या-महिन्याला तुकड्यातुकड्याने मिळत, आणि पुस्तकरूपात येताना त्यांच्या दर्शनी पानावर नाव, लेखक, मुद्रक, किंमत आणि फार तर एखादी वेलबुट्टी असे. या काळात वाचकाच्या मनातील शिवकाल रंगभूमीने आणि नंतर चित्रपटाने भरला. आपट्यांच्या गड आला पण सिंह गेला या कादंबरीवर बाबुराव पेंटरांनी १९२३ मध्ये सिंहगड हा चित्रपट काढला, तेव्हा कादंबरीतली माणसे पुस्तकाच्या आधी पडद्यावर आणि भित्तिपत्रकावर दिसली. नाटकातला पोषाख आणि भित्तिपत्रकातला आवेश हे दोन्ही पुढे मुखपृष्ठात उतरले. हा वारसा दलालांना आयता मिळाला. त्यातल्या दोषांसह मिळाला.

छपाईचे तंत्रही येथे ध्यानात घेतले पाहिजे. खिळ्यांच्या छपाईच्या त्या युगात रंगीत चित्र छापायचे तर प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा करावा लागे आणि कागद तितक्या वेळा यंत्राखालून काढावा लागे. छटांचे चित्र हवे असेल तर जाळीचा ठसा, चकचकीत कागद आणि कुशल मुद्रक लागत. खर्च सामान्य मराठी प्रकाशकाच्या आवाक्याबाहेर जाई. रेषेचा ठसा मात्र स्वस्त होता. दोन किंवा तीन सपाट रंग आणि एक ठसठशीत काळी रेषा एवढ्या सामग्रीत काम भागवणारा चित्रकार प्रकाशकाला हवा होता. दलालांची रेषा या मर्यादेत गुदमरली नाही. उलट तिचे सामर्थ्य याच मर्यादेत प्रकटले. मानेचा एक बाक, पदराची एक लहर, घोड्याच्या मानेवरचा ताण एवढ्यावर ते प्रसंग उभा करीत. पुस्तकाचे नावही ते चित्राचाच भाग मानीत. नंतर चिकटवल्यासारखे ते दिसत नसे. कोपऱ्यातली दलाल ही देवनागरी सही वाचकांना लेखकाच्या नावाइतकीच परिचित झाली होती.

मुंबईत त्यांनी दलाल आर्ट स्टुडिओ ही स्वतःची संस्था उभारली आणि १९४५ मध्ये दीपावली हा वार्षिक अंक सुरू केला. या अंकामुळे दलाल प्रकाशकाच्या मागणीनुसार चित्र पुरवणारे राहिले नाहीत. स्वतःचे पान, स्वतःचा कागद आणि स्वतःचा वाचक त्यांना मिळाला. नायिका, राग, ऋतू, संस्कृत काव्यातील प्रसंग अशा विषयांवरील त्यांची रंगीत चित्रे लोक अंकातून काढून चौकटीत लावीत. दिवाळी अंक ही महाराष्ट्रातील एक विलक्षण वितरणव्यवस्था आहे. पुण्यामुंबईत प्रकाशित झालेली कादंबरी जेथे पोचत नसे, तेथे दिवाळी अंक पोचत असे, आणि वाचनालयाच्या टेबलावर तो वर्षभर राहत असे. नेर, दारव्हा, दिग्रस यांसारख्या गावांतील वाचकाच्या दृष्टीला दलालांच्या रेषेची सवय अशा अंकांतून आधी लागली. मग त्याच रेषेचे मुखपृष्ठ असलेली कादंबरी हाती आली, तेव्हा ती त्याला ओळखीची वाटली. विश्वासाचे हे भांडवल मराठी प्रकाशकांनी पुढे पुरेपूर वापरले.

दलालांच्या चित्रसंभारात व्यंगचित्रे होती, दिनदर्शिकेची चित्रे होती, कथाकवितांची सजावट होती. त्यांच्या नायिकाचित्रांवर जितके लिहिले गेले, त्या मानाने इतिहासविषयक कामाकडे कमी लक्ष गेले. या कामातील केंद्रस्थानचे पुस्तक म्हणजे बाबासाहेब पुरंदरे यांचे राजा शिवछत्रपती. १९५८ च्या सुमारास आलेले हे पुस्तक कादंबरी नव्हे. परंतु त्याची निवेदनशैली कादंबरीला जवळची आहे आणि त्याचा वाचकवर्ग तोच आहे. या ग्रंथासाठी दलालांनी काढलेल्या चित्रांनी शिवचरित्राला एक सलग दृश्यभाषा दिली. भालजी पेंढारकरांचा छत्रपती शिवाजी हा चित्रपट १९५२ चा. त्याची स्मृती ताजी असतानाच ही चित्रे आली. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा नव्या राज्याला आपल्या इतिहासाचे जे रूप हवे होते ते या चित्रांत तयार होते. प्रसन्न, सुडौल, तेजःपुंज आणि निःशंक असे हे रूप होते.

या रूपाचा ऐतिहासिक साधनांशी संबंध किती, हा प्रश्न त्या वेळी फारसा विचारला गेला नाही. साधने नव्हती असे नाही. शिवाजी महाराजांचे डच ग्रंथातील चित्र वा. सी. बेंद्रे यांनी प्रकाशात आणून एका परकीय सरदाराच्या चित्रावरून रूढ झालेला गैरसमज दूर केला होता. गोवळकोंडा शैलीतील लघुचित्रे ज्ञात होती. पेशवाईच्या अखेरच्या पर्वासाठी तर जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पुण्यात काढलेली सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे उपलब्ध होती. मेणवलीच्या वाड्यातील भित्तिचित्रे होती. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने या स्वरूपाची सामग्री जमा केली होती. दलालांनी ही साधने दुर्लक्षिली असा सरसकट आरोप करणे अन्यायाचे होईल. मात्र त्यांच्या प्रतिभेचा कल पुराव्याकडे नव्हता, लयीकडे होता. लघुचित्रातील शिवाजी महाराज वयस्क, बारीक अंगकाठीचे, गंभीर नजरेचे दिसतात. दलालांच्या रेषेला अशी कृशता आणि असे मौन मानवणारे नव्हते. तिच्या स्पर्शाने माणूस सुंदर होई.

या सौंदर्यपूर्तीची कसोटी लागली ती १९६० नंतर. रणजित देसाई यांची स्वामी १९६२ मध्ये आली, ना. सं. इनामदार यांची झेप १९६३ मध्ये, झुंज १९६६ मध्ये. देसाईंची श्रीमान योगी १९६८ ची, इनामदारांची मंत्रावेगळा १९६९ ची आणि शहेनशहा १९७० ची. या कादंबऱ्यांनी ऐतिहासिक कादंबरीचा रोखच बदलला. आपटे-नाथमाधव परंपरेतील कादंबरी पराक्रमाची आणि कारस्थानाची होती. ही नवी कादंबरी एकाकीपणाची होती. क्षयाने खचत जाणारा तरुण पेशवा, इतिहासाने खलपुरुष ठरवलेला त्रिंबकजी डेंगळे, सगळीकडून कोंडलेला यशवंतराव होळकर, नामुष्कीचा धनी झालेला दुसरा बाजीराव, वार्धक्यातला औरंगजेब हे तिचे नायक. त्यांचा शेवट विजयात होत नाही. अशा कादंबरीच्या मुखपृष्ठाला उधळता घोडा आणि उपसलेली तलवार चालत नाही. तेथे रिकामी मसनद, विझत आलेली समई, पाठमोरी आकृती असे काही हवे. म्हणजे कादंबरी शोकात्मिकेकडे वळली आणि मुखपृष्ठाची रूढ भाषा पोवाड्याचीच राहिली. ऐतिहासिक कादंबरीच्या सदोष मुखपृष्ठांचे मूळ या विसंगतीत आहे. चित्रकाराच्या हाताचे कौशल्य हा दुय्यम मुद्दा होय.

दलालांना या फरकाची जाण नव्हती असे म्हणता येणार नाही. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिवाजी सावंतांच्या मृत्युंजय या कादंबरीला दलालांचे मुखपृष्ठ लाभले. कादंबरी पौराणिक, परंतु उपेक्षित नायक आणि त्याच्या मनातील द्वंद्व हा तिचा विषय १९६० नंतरच्या ऐतिहासिक कादंबरीचाच आहे. अशा विषयाला त्यांच्या रेषेतील करुण सूर जुळतो. दलालांचा खरा पिंड भावकवितेचा होता. वीररसाचे चित्रकार म्हणून त्यांची ख्याती झाली ती काहीशी काळाच्या मागणीमुळे. त्यांच्या वीरप्रतिमांतही शस्त्रापेक्षा हाताचे वळण, स्वारीपेक्षा स्वाराच्या खांद्याची ढब अधिक लक्षात राहते.

अनुकरण करणाऱ्यांनी नेमके हे सोडले आणि बाकीचे उचलले. रेषा शिकायला वर्षे लागतात. घोडा, तलवार, भगवा, गडाचा बुरूज आणि मावळता सूर्य एवढा ऐवज कोणालाही उचलता येतो. मुळगावकरांनी फवाऱ्याच्या तंत्राने रंगांना आणलेला मखमली गुळगुळीतपणा या ऐवजात मिसळला गेला. मुळगावकर स्वतः असामान्य कौशल्याचे चित्रकार होते, पण त्यांच्या तंत्राची नक्कल म्हणजे चेहऱ्यावरची मेणाची चकाकी. पुढे खिळ्यांची छपाई मागे पडून ऑफसेट आली, रंगांच्या संख्येवरचे बंधन सुटले आणि बंधनाबरोबर काटकसरही गेली. दोन रंगांत भागवताना चित्रकाराला काय गाळावे याचा विचार करावा लागे. चार रंग सहज मिळू लागल्यावर काहीच गाळण्याची गरज उरली नाही. संगणक आल्यावर तर नटाचे छायाचित्र, परदेशी किल्ल्याची तटबंदी आणि आयते आकाश एकत्र जोडून मुखपृष्ठ तयार होऊ लागले.

अशा मुखपृष्ठांवरील चुका इतिहासाच्या विद्यार्थ्याला चटकन दिसतात. सतराव्या शतकातील सरदाराच्या डोक्यावर अठराव्या शतकाच्या अखेरची पगडी असते. शिवकालीन स्त्रीचे नऊवारी नेसणे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या तसबिरींवरून घेतलेले असते. तलवारीची मूठ एका प्रदेशाची आणि पाते दुसऱ्या प्रदेशाचे. शीर्षकाच्या अक्षरांना तलवारीची टोके फुटतात आणि मोडीचा भास आणण्यासाठी देवनागरी वाकडी केली जाते, तीही मोडीच्या वळणाशी काही नाते न ठेवता. तरीही पगडीची चूक ही लहान चूक होय. ज्या कादंबरीत नायक शेवटच्या शंभर पानांत अंथरुणावरून उठत नाही, तिच्या मुखपृष्ठावर त्याला दोन पायांवर उभ्या घोड्यावर बसवणे ही मोठी चूक, कारण येथे चित्राने कादंबरी वाचलेलीच नसते.

याच काळात दुसरी एक दृष्टी मराठीत उपलब्ध होती, आणि ती विदर्भात वाढलेल्या एका विद्वान चित्रकाराची होती. द. ग. गोडसे यांचे शिक्षण सावनेर-नागपूरकडे झाले. नेपथ्य, वेषभूषा आणि पुस्तकांची सजावट यांत त्यांनी आयुष्य घालवले आणि १९६३ मध्ये पोत या ग्रंथात महाराष्ट्राची भूमी व येथील कलाभिव्यक्ती यांच्यातील नात्याची मांडणी केली. खडबडीत, राकट, काटक असा तो पोत आहे. या निकषावर दलालांचा शिवकाल फार मऊ ठरतो. गोडशांना वाचकाच्या डोळ्यांत सह्याद्रीचा कातळ उमटायला हवा होता. दलालांनी तेथे अजिंठ्याची कमळे उमटवली. पण लोकप्रियतेचा कौल निःसंशय दलालांच्या बाजूने पडला. अभ्यासाची कसोटी लावून मुखपृष्ठ करणे वेळखाऊ होते. प्रकाशकाकडे तेवढा वेळ आणि मोबदला क्वचितच असे.

वऱ्हाडच्या वाचकाच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. नेरच्या परिसराचा इतिहास सह्याद्रीच्या इतिहासाहून निराळा आहे. अचलपूरची इमादशाही, नागपूरकर भोसले आणि निजाम यांचा दुअमली कारभार, १८०३ मधील अडगावची लढाई आणि गाविलगडचा पाडाव, १८५३ मध्ये इंग्रजांकडे गेलेला वऱ्हाड असा हा क्रम. गाविलगड आणि नरनाळा हे सातपुड्यातील किल्ले, त्यांची बांधणी सुलतानी घडणीची. मुखपृष्ठावरचा ठरीव गड मात्र नेहमी सह्याद्रीचा असतो. पुण्याच्या पेशव्यांवर आणि रायगडच्या छत्रपतींवर लिहिलेल्या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठांनी जो इतिहास दृश्य केला, त्यात वऱ्हाडला जागा नव्हती. वऱ्हाडातला वाचक इतिहास म्हणून जे पाहत होता ते त्याच्या गावापासून फार दूर घडलेले होते, आणि घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर असलेला गाविलगड त्याला इतिहास वाटत नव्हता. दलालांनी हे हेतुपुरस्सर केले असे अर्थातच नाही. गोव्यातून मुंबईला आलेल्या या चित्रकारालाही सह्याद्री दत्तकच होता.

दलालांचे निधन १५ जानेवारी १९७१ रोजी झाले. वय पंचावन्नही पुरे नव्हते. पुढच्याच वर्षी इनामदारांची राऊ आली, १९७९ मध्ये सावंतांची छावा, १९८८ मध्ये विश्वास पाटलांची पानिपत. ऐतिहासिक कादंबरीचा खप सर्वाधिक वाढला तो काळ दलालांना पाहता आला नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागले होते आणि जाड ऐतिहासिक कादंबरी ही तेथील हमखास मागणीची वस्तू ठरली. वसंत सरवटे, पद्मा सहस्रबुद्धे, बाळ ठाकूर, सुभाष अवचट यांच्या पिढीने मराठी मुखपृष्ठ सूचकतेकडे आणि संक्षेपाकडे नेले. परंतु या बदलाचा लाभ मुख्यतः कथा, कविता आणि सामाजिक कादंबरीला झाला. ऐतिहासिक कादंबरीचा प्रकाशक दलालांच्या नावाने चाललेल्या जुन्या नाण्यावरच अधिक विसंबून राहिला, कारण ग्राहक ते ओळखत होता.

वाचनालयात आलेल्या प्रतीची गत निराळीच होते. चारसहा महिन्यांच्या हाताळणीने जाड पुस्तकाची पाठ सुटते, ते बांधणीला जाते, आणि बांधणावळ करणारा मुखपृष्ठ काढून टाकून कापडी पाठीचा पुठ्ठा चढवतो. आत कादंबरी राहते, बाहेर शाईने लिहिलेला दाखल क्रमांक. दाखल नोंदवहीत लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष, पृष्ठसंख्या, किंमत यांचे रकाने असतात. मुखपृष्ठकाराचा रकाना नसतो. विद्यापीठीय प्रबंधांच्या संदर्भसूचीतही तो नसतो. पहिल्या आवृत्तीचे वेष्टन एकदा गेले की ती कादंबरी तिच्या पहिल्या वाचकाला कशी दिसली होती हे पाहण्याचा मार्ग उरतो तो जुन्या नियतकालिकांतील जाहिरातींचा, आणि त्या जाहिरातींत दलालांचे चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढे, काळ्या शाईत, बहुधा सहीवाचून छापलेले असते.